समस्याकेंद्री पोलीसकार्य (अमली पदार्थांचे गुन्हे)

अमली पदार्थांची विक्री एखाद्या जागी पुन्हा पुन्हा का होते, हे शोधून ते कारणच दूर करण्याची स्थानिक पोलिसांची पद्धत. तक्रार आली की धावत जायचे, एवढ्यावर न थांबता तक्रारी ज्यातून उद्भवतात तो प्रश्न पोलिसांनी सोडवावा, हा विचार अमेरिकेतील हर्मन गोल्डस्टीन यांनी १९७९ मध्ये मांडला. नुसत्या धरपकडीने विक्रेता बदलतो, अड्डा तोच राहतो.

कॅलिफोर्नियातील ओकलंडमध्ये १९८८ पासून पोलिसांनी विक्रेत्यांऐवजी घरमालकांना गाठले. घरबांधणी, अग्निशमन अशा खात्यांचे निरीक्षक बरोबर येत. दुरुस्त्या करायला लावत, उपद्रवी भाडेकरू हटवायला सांगत. मालकाने दाद दिली नाही, तर कोर्टात दावा. पुढे १०० ठिकाणे चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागून प्रयोग झाला. मोहीम राबवलेल्या ठिकाणी, विशेषतः राहत्या घरांपाशी, अमली पदार्थांच्या तक्रारी नेहमीच्या गस्तीच्या ठिकाणांपेक्षा घटल्या.

सर्वात बोलके उदाहरण नॉर्थ कॅरोलायनातील हाय पॉइंट शहराचे. तेथील वेस्ट एंड वस्तीत क्रॅक कोकेनचा उघडा बाजार भरत असे. २००४ मध्ये पोलीस प्रमुख जेम्स फीली यांनी गुन्हेशास्त्रज्ञ डेव्हिड केनेडी यांच्या सल्ल्याने आधी बनावट गिऱ्हाइके पाठवून प्रत्येक विक्रेत्याविरुद्ध पुरावा जमवला. हिंसक विक्रेत्यांना अटक झाली. बाकीच्यांच्या घरी जाऊन, त्या रात्री अटक होणार नाही असा शब्द देऊन, त्यांना घरच्यांसह बैठकीला बोलावले. शेजाऱ्यांनी तोंडावर सांगितले, ‘तुम्ही आम्हाला हवे आहात, तुमचा धंदा नको.’ मग पोलिसांनी प्रत्येकापुढे त्याची पुराव्याची फाइल ठेवली. वॉरंटावर फक्त न्यायाधीशांची सही बाकी होती. धंदा सोडला तर नोकरी-शिक्षणासाठी मदत, नाहीतर सही. बाजार बंद पडला.

या यशाचे श्रेय केवळ त्या फाइलींना देणे अन्यायाचे ठरेल. बैठकीआधी पोलीस आणि कृष्णवर्णीय रहिवासी यांच्यात वर्षानुवर्षांच्या अविश्वासावर उघड बोलणे झाले होते. सरसकट छाप्यांनी वस्तीचे नुकसान केले, हे पोलिसांनी मान्य केले. हा संवाद वेळखाऊ असतो. अनेक शहरांनी ही पद्धत उचलली. काहींना ती पूर्ण राबवताच आली नाही, तर काही ठिकाणी फरक दिसला नाही. हाय पॉइंटमध्येही हिंसाचारातली घट सुरुवातीच्या दाव्यांपेक्षा माफक होती, असे नंतरच्या अभ्यासांत आढळले.