सुवर्ण मयूर परीक्षकांचा, साडेतीन तारे रांगेतले

इफ्फीच्या, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या, दिवसांत पणजीच्या जुन्या जीएमसीच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात मराठी कानावर पडतंच. रात्रीच्या कोकणकन्येने थिवीला किंवा करमळीला उतरलेले पुणेकर-मुंबईकर असतात, फोंडा-डिचोलीहून कदंबच्या बसने आलेले असतात. "तो इराणी कसा होता?" असं कुणी विचारलं की उत्तर हल्ली आकड्यात मिळतं. "साडेतीन." पाचापैकी, हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला महोत्सव भरला तेव्हा असं गुणांकन कुणाच्या डोक्यातही नव्हतं. २४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईच्या न्यू एम्पायर थिएटरात त्याचं उद्घाटन झालं. केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने भरवलेला हा महोत्सव नंतर मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही गेला. स्पर्धा नव्हती. इटलीच्या डी सिकाचा 'बायसिकल थीव्ह्ज' तिथे दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी त्यावरून प्रेरणा घेतलेला बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. हा संबंध चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितला जातो. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज राज्य होतं. मुंबईतला तो महोत्सव इथल्या माणसाच्या दृष्टीने परमुलखातलाच.

निवाडा करायला सुरुवात झाली १९६५ साली, दिल्लीत. त्या वर्षीपासून महोत्सव स्पर्धात्मक झाला. परीक्षकांचे अध्यक्ष सत्यजित राय होते आणि सुवर्ण मयूर हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला श्रीलंकेच्या 'गंपेरलिय'ला. शेजारच्या छोट्या देशातला चित्रपट पहिला यावा, हे मला आजही त्या महोत्सवाचं सगळ्यात चांगलं काम वाटतं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून एक वर्ष दिल्लीत स्पर्धा आणि एक वर्ष दुसऱ्या एखाद्या शहरात बिनस्पर्धेचा 'फिल्मोत्सव' अशी फिरती पद्धत बरीच वर्षं चालली.

प्रेक्षक घडत होता तो वेगळीकडे. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा, म्हणजे सभासदांना चित्रपट दाखवणाऱ्या मंडळांचा, महासंघ स्थापन झाला, १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ सुरू झालं. या मंडळींची शिस्त एकच: चित्रपट संपल्यावर लगेच घरी पळायचं नाही, बसून बोलायचं. तारे हा प्रकार तिथे हलकाच मानला जायचा, आणि ते समजण्यासारखं आहे. ताऱ्यांचा जन्म वर्तमानपत्रातला. १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज'मध्ये आयरीन थायरर यांनी चित्रपटांना तारे द्यायला सुरुवात केली, तेही तीनापैकी. तिकिटाचे पैसे वसूल होतील की नाही, एवढं वाचकाला झटकन कळावं हा हेतू. सोसायटीच्या सभासदाला तो प्रश्न नव्हताच. वर्गणी भरलेली, चित्रपट पुन्हा पाहायला मिळण्याची खात्री नाही, मग बरा असो की वाईट, पाहायचाच.

२००४ मध्ये पस्तिसावा इफ्फी गोव्यात आला तो कायमचा. मनोहर पर्रीकर तेव्हा मुख्यमंत्री होते. वैद्यकीय महाविद्यालय बांबोळीला हलल्यावर मोकळ्या झालेल्या आवारात आयनॉक्स उभं राहिलं, जुन्या इमारतीत कचेऱ्या थाटल्या गेल्या, आणि चार्ल्स कोरियांनी आखलेल्या कला अकादमीतलं दीनानाथ मंगेशकर कलामंदिर चित्रपटांसाठी वापरात आलं.

आता जे लिहितोय ते माझं मत आहे. गोमंतकीय मराठी प्रेक्षकाला गुण द्यायला कुठल्याही संकेतस्थळाने शिकवलेलं नाही. याच कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धा तो वर्षानुवर्षं बघत आलाय. ओळीने नाटकं पाहायची, मध्यंतरात चहा घेताना "हे पहिल्या तिनात येतलें" म्हणायचं, निकाल लागला की परीक्षकांच्या नावाने बोटं मोडायची. गावच्या जत्रेतलं नाटक पाहून नेपथ्य, प्रकाश, पाठांतर असं सुटंसुटं तोलणारी माणसं ही. समोर लिथुआनियाचा चित्रपट आला म्हणून ती गप्प कशी बसतील? आकड्याची सवय त्यांना होतीच, ताऱ्यांची खूण तेवढी बाहेरून आली.

ती आली इंटरनेटवरून. आयएमडीबी हे चित्रपटांच्या माहितीचं संकेतस्थळ १९९० पासून आहे, तिथे दहापैकी गुण. २०११ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेल्या लेटरबॉक्स्ड या पाहिलेल्या चित्रपटांची नोंद ठेवायच्या संकेतस्थळाने अर्ध्या ताऱ्याची सोय केली आणि महोत्सवाच्या प्रेक्षकाला आपली डायरीच सापडली. शिवाय तिकिटं आधीच ऑनलाइन राखून ठेवायची झाल्यावर आकड्याला नवं काम मिळालं. प्रतिनिधीच्या, म्हणजे नोंदणी केलेल्या प्रेक्षकाच्या, कार्डात चित्रपटांचे पैसे आलेले असतात, अपुरी पडते ती वेळ. एकाच तासाला चार पडद्यांवर चार देश, मग कान्स-बर्लिनहून आलेले तारे पाहूनच माणूस बटण दाबतो.

या आकड्यांवर फार विसंबू नये, असं मला वाटतं. महोत्सवात फिरणाऱ्या नव्या चित्रपटाला सुरुवातीला मोजक्याच लोकांनी गुण दिलेले असतात, त्यांतले दोन रागावलेले असले तरी सरासरी घसरते. दिवसातला चौथा चित्रपट संथ असला की त्याचा अर्धा तारा आपल्या झोपेनेच खाल्लेला असतो.

काही महोत्सव प्रेक्षकांचं मत अधिकृतपणे मोजतात. रॉटरडॅमला प्रेक्षक मतपत्रिका हव्या त्या गुणाशी फाडून पेटीत टाकतो. १९९६ पासून चालत आलेल्या केरळच्या महोत्सवात प्रतिनिधींच्या मतदानावर एक पुरस्कार ठरतो. गोव्यात सुवर्ण मयूर परीक्षकच देतात. परीक्षकांचा शब्दही दरवेळी अखेरचा ठरतोच असं नाही. २०१७ मध्ये इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागाच्या परीक्षकांनी निवडलेला रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड' माहिती व प्रसारण मंत्रालयाने यादीतून वगळला आणि त्या परीक्षकांचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. त्या वर्षी गोव्यात मराठी प्रेक्षकांना त्याला तारे द्यायची संधीच मिळाली नाही.

रांगेतल्या आकड्याची खरी अडचण वेगळीच आहे. इथे बरेच चित्रपट एकदाच, फार तर दोनदा दाखवतात. पर्वरीच्या पडद्यावरून "साडेचार, चुकवू नका" हा निरोप पणजीत पोचेपर्यंत त्याचा शेवटचा खेळ होऊन गेलेला असतो. मग नाव टिपून ठेवायचं आणि जानेवारीत पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, पिफमध्ये, येतो का, ते पाहायचं.