खाऱ्या हवेतला स्विच

मालवण-तारकर्लीकडच्या हॉटेलांत आता बिलिंगचा कॉम्प्युटर, कॅमेरे आणि पाहुण्यांचं वायफाय, सगळं एकाच स्विचला, म्हणजे उपकरणांमध्ये माहितीची ने-आण करणाऱ्या नेटवर्कच्या डब्याला, जोडलेलं असतं. प्रत्येक उपकरणाच्या नेटवर्क कार्डाला 48 बिटांचा ओळखपत्ता, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस असतो. आलेल्या फ्रेमवरचा (माहितीच्या छोट्या गठ्ठ्यावरचा) पाठवणाऱ्याचा अ‍ॅड्रेस वाचून स्विच तो कोणत्या पोर्टवर, म्हणजे केबलच्या कोणत्या खाचेवर, आहे ते तक्त्यात टिपतो. पुढच्या फ्रेम मग थेट त्याच पोर्टला जातात. पत्ता ठाऊक नसेल, तर आलेला पोर्ट सोडून बाकी सगळीकडे. बऱ्याच स्विचांत 300 सेकंद गप्प राहिलेल्याची नोंद पुसली जाते.

एवढं साधा, स्वस्त स्विचही करतो. मॅनेज्ड स्विचमध्ये मात्र लॉगिन करून त्याला विचारता येतं, सांगता येतं. पहिलं सांगायचं ते व्हीलॅन, म्हणजे एकाच स्विचमध्ये आखलेली वेगवेगळी नेटवर्क. बिलिंग 10, पाहुणे 20, कॅमेरे 30 असे क्रमांक दिले की पाहुण्याचा मोबाइल राउटरने वाट दिल्याशिवाय बिलिंगपर्यंत पोचत नाही. हे न करता पाहुण्यांना पासवर्ड वाटणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

लूपचं संकट याहून मोठं. साफसफाई करताना कुणाला केबलचं मोकळं टोक दिसतं आणि तो ते रिकाम्या पोर्टात खोचतो. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये असतं! सगळ्यांसाठी निघालेली ब्रॉडकास्ट फ्रेम मग गोल फिरत राहते. फ्रेमच्या आत असलेल्या आयपी पॅकेटला (इंटरनेटच्या माहितीच्या पुडक्याला) आयुष्याची मर्यादा असते, इथरनेट फ्रेमला ती नाहीच. नव्या फ्रेमची भर पडत जाते आणि काही सेकंदांत सगळं नेटवर्क ठप्प होतं. यावरचा उपाय संगणकतज्ज्ञ राडिया पर्लमन यांनी 1985 मध्ये शोधला: स्पॅनिंग ट्री. स्विच एकमेकांना छोटे संदेश पाठवतात, जास्तीची वाट ओळखून ती बंद ठेवतात आणि मुख्य वाट तुटली तर तीच उघडतात. इतकी सुंदर कल्पना, आणि पुष्कळ ठिकाणी ती सेटिंगमध्ये बंद पडून असते.

किनाऱ्यावर आणखी एक गोष्ट रोज बघावी: पोर्टचे आकडे. खाऱ्या दमट हवेने प्लगच्या पिना गंजतात. दिवा हिरवाच असतो, पण सीआरसी एररचा आकडा चढत जातो, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडून येताहेत. अशा वेळी केबल बदलून बघावी. आकडा थांबला, तर दोष सापडला.

बदल केल्यावर सेव्ह करायला विसरू नये. पुष्कळ स्विचांत चालू सेटिंग फक्त मेमरीत असतात. मे महिन्यात वळीव आला, लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं जातं. या सेटिंगची (कॉन्फिगरेशनची) एक प्रत कॉम्प्युटरवरही ठेवावी.

आवारातल्या दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकू नये. तिची मर्यादा 100 मीटर आहेच, शिवाय जवळपास वीज पडली तर तिचा झटका त्याच तारेतून थेट पोर्टात शिरतो. धातूचं कवच नसलेली फायबर टाकावी; काचेतून तो झटका येत नाही.