ग्राउंड बीटल की डार्कलिंग बीटल : संरक्षक ग्रंथींमधला फरक

नागपुरात जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावला की अंगणातल्या दिव्याखाली काळपट भुंगेऱ्यांची गर्दी होते, आणि त्यांतला एखादा चिमटीत धरला तर बोटाला उग्र वास आणि तपकिरी डाग लागू शकतो. असा डाग पाडणारा किडा ग्राउंड बीटल, म्हणजे कॅराबिडी कुळातला शिकारी भुंगेरा, असे समजणे घाईचे ठरेल. टेनेब्रिओनिडी कुळातल्या डार्कलिंग बीटलच्या स्रावातही बेंझोक्विनोन (पुढे नुसते क्विनोन) ही दाहक रसायने असतात आणि त्वचेतल्या प्रथिनांशी संयोग पावून तेच डाग पाडतात. खरा फरक ग्रंथी कोठे उघडते आणि तिच्यात काय साठवलेले असते, यात आहे.

ग्राउंड बीटलच्या ग्रंथींची जोडी उदराच्या टोकाशी, पाठीकडच्या बाजूस उघडते. स्राव तयार करणाऱ्या पेशींचे द्राक्षांच्या घडासारखे पुंजके असतात. त्यांतून निघालेली बारीक नलिका स्नायूंनी वेढलेल्या साठवण-पिशवीत येते आणि पिशवी आवळली की स्राव बाहेर पडतो. या कुळातल्या बहुसंख्य जातींकडे क्विनोन नसतातच. काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला अँथिया फॉर्मिक आम्ल फवारतो, तर इतर काही जाती मेथाक्रिलिक आम्ल वापरतात. अनेक जातींच्या स्रावात हायड्रोकार्बनही मिसळलेले असतात, आणि त्यांच्यामुळे आम्ल शत्रू-कीटकाच्या मेणचट कवचावर पसरते.

क्विनोन वापरणारा ग्राउंड बीटल म्हणजे प्रामुख्याने बॉम्बार्डियर. भारतात फेरोप्सोफस या वंशातले आढळतात. त्याच्या पिशवीत क्विनोन नव्हे, तर ज्यापासून क्विनोन बनतात ते हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असतात. हे मिश्रण जाड कवचाच्या दुसऱ्या कप्प्यात शिरताच तेथील कॅटॅलेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरे काम सुरू करतात, आणि सुमारे 100 अंश सेल्सियस तापमानाचा, ताज्या क्विनोनचा फवारा उडतो. तो सलग नसतो. सेकंदाला सुमारे 500 स्पंदे 1990 साली मोजली गेली. स्फोटाचाच दाब कप्प्याकडे येणारी वाट क्षणभर बंद करतो आणि दाब उतरला की ती पुन्हा उघडते, हे 2015 साली क्ष-किरण चित्रणातून दिसले.

डार्कलिंग बीटलमध्ये यांपैकी काहीच नाही. सातव्या आणि आठव्या उदरखंडांच्या मधली, पोटाकडची त्वचाच आत वळून दोन पिशव्या बनतात, आणि बऱ्याच जातींत शरीरातल्या द्रवाचा दाब स्राव बाहेर ढकलतो. क्विनोन येथे तयार स्थितीत साठवलेले असतात. बॉम्बार्डियरच्या स्फोटाचे कौतुक जरा अतीच होते, असे मला वाटते, कारण तयार विष पोटात बाळगणे तितकेच अवघड आहे: ते तयार होण्याची शेवटची पायरी पेशीच्या आतल्या, कवचाच्याच द्रव्याने बनलेल्या सूक्ष्म नळीत पार पडते, त्यामुळे जिवंत पेशीद्रव्याला विष लागत नाही. पिठातला तांबडा भुंगेरा याच कुळातला; तो फार झाला की पिठाला गुलाबी छटा आणि उग्र वास येतो तो याच क्विनोनमुळे.

दिव्याखालचा किडा ओळखण्यासाठी ग्रंथी उघडण्याची गरज नसते. त्याला उलटा करून भिंगातून पाहावे: ग्राउंड बीटलच्या मागच्या पायाचा बुंधा पोटाच्या पहिल्या पट्टीला आरपार दुभागतो आणि साऱ्या पावलांना पाच पेरे असतात, डार्कलिंगची ती पट्टी अखंड असते आणि मागच्या पावलाला चारच पेरे असतात.