आधी तोंड मऊ, मग कळा

नववा महिना संपत आलेला असतो. डॉक्टर फाइल चाळतात आणि म्हणतात, "उद्या सकाळी ॲडमिट व्हा, कळा आणूया." घरच्यांचा हिशेब तिथंच सुरू होतो: सकाळी सलाईन, संध्याकाळी पेढे. पहिलटकरणीच्या बाबतीत हा हिशेब बहुतेकदा चुकतो. दीड-दोन दिवस गेले तरी त्यात वावगं काही नसतं, पण हे आधी कुणी सांगितलेलं नसतं.

कळा आणायचं ठरतं ते बाळाला आत ठेवण्यात जास्त धोका दिसायला लागला की. आईचं बीपी चढतं, साखर वाढलेली असते, पाणी जाऊनही कळा सुरू होत नाहीत, बाळाची वाढ मंदावते, किंवा नुसतेच दिवस वर जातात. दिवस वर जाण्याबद्दल स्वीडनमधला एक अभ्यास 2019 साली प्रसिद्ध झाला. काही बायकांना 41 आठवडे भरताच कळा आणल्या, बाकीच्यांना 42पर्यंत थांबवलं. थांबलेल्या गटात सहा बाळं दगावली, दुसऱ्या गटात एकही नाही. अभ्यास मधेच थांबवावा लागला.

आता वेळ का लागतो ते पाहू. गर्भपिशवीच्या तोंडाचं नऊ महिन्यांचं काम एकच, घट्ट मिटून राहणं. ते मुख्यतः कोलॅजनच्या चिवट तंतूंचं बनलेलं असतं. हात लावून पाहिलं तर नाकाच्या शेंड्याइतकं टणक. शेवटच्या आठवड्यांत हे तंतू सैल होतात, त्यांच्यात पाणी शिरतं आणि तेच तोंड ओठांसारखं मऊ होतं, आखूड आणि पातळ होत जातं. हे झालेलं नसताना नुसत्या कळा आणल्या तर गर्भाशय बंद दारावर धडका देत राहतं. म्हणून आधी आतून तपासणी होते. तोंड किती उघडलंय, किती मऊ आहे, कुठल्या दिशेला आहे, बाळाचं डोकं किती खाली आलंय, याला गुण देतात. एडवर्ड बिशप यांनी 1964 साली मांडलेली ही पद्धत आजही चालते. 13पैकी 6 किंवा कमी गुण म्हणजे तोंड अजून तयार नाही. "दोन बोटं उघडलंय" असं सिस्टर सांगते, ते याच तपासणीतलं.

तोंड तयार नसेल तर पहिला दिवस ते मऊ करण्यातच जातो. पहिला मार्ग प्रोस्टाग्लँडिनच्या, म्हणजे तोंड मऊ करणाऱ्या रसायनाच्या जेलचा. हे जेल फ्रिजमध्ये ठेवलेलं असतं. ते सिरिंजने आत सोडतात, अर्धा तास पडून राहायला सांगतात आणि साधारण सहा तासांनी पुन्हा तपासतात. दुसरा मार्ग मिसोप्रोस्टॉलच्या गोळीचा. हे औषध मूळचं पोटातल्या अल्सरसाठीचं. नेहमीची गोळी 200 मायक्रोग्रॅमची आणि इथं लागणारा डोस फक्त 25चा. म्हणून कुठे गोळी 200 मिलिलिटर पाण्यात विरघळवून दर दोन तासांनी 25 मिलिलिटर पाजतात, कुठे 25चीच गोळी मिळते. आधी सिझर झालं असेल तर मात्र हे औषध देत नाहीत, कारण जुन्या टाक्यांच्या जागी गर्भाशय फाटण्याची भीती असते.

तिसरा मार्ग पाहून पुष्कळजणी दचकतात. लघवीसाठी वापरतात तीच फोलीची नळी पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात, तिच्या टोकाचा फुगा सलाईनने फुगवतात आणि बाहेरचं टोक मांडीला चिकटपट्टीने लावून ठेवतात. फुगा आतून दाबत राहतो आणि त्या दाबाने तिथल्या पेशी स्वतःच प्रोस्टाग्लँडिन सोडतात. तोंड तीनेक सेंटीमीटर उघडलं की नळी आपसूक बाहेर पडते. पडली म्हणून घाबरू नये, तिचं काम झालेलं असतं.

गोळी बरी की फुगा, याची एक मोठी चाचणी आपल्या नागपुरात झाली. दोन सरकारी रुग्णालयांत, बीपी वाढलेल्या 602 गरोदर स्त्रियांवर. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष आले: 24 तासांच्या आत नॉर्मल बाळंतपण गोळीच्या गटात 57 टक्के, फुग्याच्या गटात 47 टक्के. गोळी पुढे राहिली हे खरंच, पण मला यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांत चाळीस टक्क्यांहून जास्त बायकांचं 24 तासांत नॉर्मल बाळंतपण झालेलं नव्हतं. संध्याकाळच्या पेढ्यांचा हिशेब इथंच बसत नाही.

तोंड मऊ झालं की मग पाणी फोडणं आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनची ड्रिप. हे नऊ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी 1953 साली प्रयोगशाळेत बनवलं आणि 1955चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. ड्रिप अगदी थोड्या थेंबांवर सुरू करून टप्प्याटप्प्याने वाढवतात. कळ येते तेव्हा वारेकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो आणि दोन कळांच्या मधे बाळ सावरतं. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर सावरायला वेळच उरत नाही. पोटावर ठोक्यांचा पट्टा बांधतात तो यासाठी. ऑक्सिटोसिन रक्तात काही मिनिटंच टिकतं, त्यामुळे ड्रिप बंद केली की कळांचा जोर ओसरतो. बाळ व्हायच्या आधी दंडात टोचून कळा आणणं घातक, ते याचसाठी. एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही.

या कळा जास्त दुखतात का? बऱ्याच जणींचा अनुभव तसा आहे. आपोआप येणाऱ्या कळा हळूहळू चढतात, ड्रिपवर ती चढण कमी वेळात होते. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, मिळत असेल तर त्याबद्दल आधीच विचारून ठेवावं.

"कळा आणल्या की सिझर ठरलेलंच" हे मात्र सरसकट खरं नाही. अमेरिकेत 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कसलाही धोका नसलेल्या सहा हजारांवर पहिलटकरणी होत्या. 39व्या आठवड्यात कळा आणलेल्यांत सिझर 18.6 टक्के, वाट पाहिलेल्यांत 22.2 टक्के. तिथले आकडे इथं जसेच्या तसे लागू होतील असं नाही, शिवाय या बायका मुळात धडधाकट होत्या.

आणि कळा आणूनही काहीच झालं नाही तर? पाणी फुटून ड्रिप सुरू झाल्यावर, आई-बाळ ठीक असतील तर किमान 12 ते 18 तास दिल्याशिवाय "फेल" म्हणू नये, असं प्रसूतिशास्त्र सांगतं. पाणी फुटलेलं नसेल आणि घाई करण्यासारखं कारण नसेल, तर एक दिवस विश्रांती देऊन दुसरी पद्धत वापरता येते. ठोके बिघडले किंवा बीपी आवरेना, तर मात्र घड्याळ बाजूला ठेवून सिझर करावंच लागतं.