तितराचं पीस, नारिंगी रेशीम: मऊ पिसाच्या माशीची पार्श्वभूमी

कोकणातल्या कुठल्याही नदीत गरी टाका, ट्राउट लागायचा नाही. त्याला वीसेक अंशांच्या आतलं खळाळतं पाणी लागतं; वाशिष्ठी-शास्त्रीचं पाणी त्यासाठी फार उबदार. पण पावसाळ्यात घरी बसून काश्मीरची लिद्दर किंवा हिमाचलची तीर्थन या ट्राउटच्या नद्यांसाठी माश्या बांधायला घ्यायच्या, तर मऊ पिसाच्या माशीइतकी चांगली सुरुवात नाही. माशी म्हणजे इथे गळावर रेशीम आणि पीस गुंडाळून केलेली किड्याची नक्कल.

ही नक्कल फार जुनी. इ.स. २००च्या सुमारास रोमन लेखक एलियन याने मॅसिडोनियातल्या मासेमारांबद्दल लिहून ठेवलंय: गळाला लाल लोकर गुंडाळायची आणि कोंबड्याची दोन पिसं लावायची. इंग्लंडमध्ये १४९६ साली छापलेल्या मजकुरात बारा माश्यांची कृती आली. पण आजची मऊ पिसाची माशी घडली ती उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या डोंगरी नद्यांवर. तिथलं पाणी खडकांतून धावतं, माशाला निरखायला वेळ मिळत नाही. वर येणाऱ्या किड्याचे पाय हलताना दिसले, की तो तोंड टाकतो. म्हणून तिथल्यांनी पंख, शेपूट सगळं वगळलं. उरलं शेजारच्या शेतातल्या तितराचं पीस आणि रेशीम. स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी १८५७ मध्ये अशा माश्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायचा आग्रह धरला, लीड्सच्या टी. ई. प्रिट यांनी १८८५ मध्ये यॉर्कशरच्या ६२ माश्या नोंदवल्या. पुढे तरंगत्या माशीचं प्रस्थ वाढलं आणि ही मागे पडली. अमेरिकेत १९४१ मध्ये जेम्स लायझनरिंग आणि १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स यांच्या पुस्तकांनी तिला पुन्हा उभं केलं.

तितर-नारिंगी ही तिची मूळ जोडी. १४ नंबरचा गळ व्हाइसमध्ये, म्हणजे गळ धरून ठेवणाऱ्या छोट्या शिकंजात, पकडा. रेशमाला मेण चोळा, नेढ्यामागे मिलिमीटरभर जागा सोडून वेढ्याला वेढा लावत मागे न्या, गळाच्या टोकाच्या वर येताच परत फिरा. भिजल्यावर हे नारिंगी रेशीम गडद तांबूस होतं. त्याची खरी किंमत त्या रंगात आहे. पिसाच्या बुडाची लव काढून ते शेंड्याकडून बांधा, तंतू मागे वळवत दीड ते दोन वेढे द्या. तंतू गळाच्या वाकापर्यंत पोचावेत, पुढे नकोत. चूक होते ती तिसऱ्या वेढ्यात: दाट तंतू एकमेकांना टेकून उभे राहतात, हलत नाहीत, आणि माशीचा ब्रश होतो. नेढं धाग्याने बुजलं, तर नदीवर दोरी ओवताना रडकुंडीला याल.

आपल्याकडे रानातलं तितर १९७२च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, त्याच्या पिसामागे लागू नका. गावठी कोंबडीच्या पाठीवरचं ठिपकेदार तपकिरी पीस घ्या. यॉर्कशरवाल्यांनीही हाताशी होतं तेच वापरलं. कोंबड्याच्या मानेचं नको: ते ताठ असतं, पाणी पीत नाही. पिसं साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात डांबरगोळीसह ठेवा, नाहीतर श्रावण सरेपर्यंत त्यांना कसर लागलेली असते. गळांच्या डबीत सिलिका जेलची पुडी हवीच.

बांधून झालेली माशी वाटीभर पाण्यात बुडवून ओढा. तंतू अंगाला चिकटले आणि थांबताच पुन्हा उमलले, तर ती जमली.