युद्धोत्तर अमेरिकेतील मानसोपचार

दुसरे महायुद्ध संपल्यापासून साधारण १९८० पर्यंतच्या काळात अमेरिकेत मानसोपचार हा वैद्यकाचा आडबाजूचा विषय राहिला नाही. मासिके, चित्रपट, न्यायालये, निवडणुका आणि घरातल्या गप्पा या सगळ्यांत तो शिरला. मात्र हे शास्त्र एकाच वेळी दोन ठिकाणी दोन रूपांत वावरत होते. शहरातल्या डॉक्टरच्या खासगी खोलीत सुखवस्तू माणूस कोचावर आडवा पडून मनातले बोलत होता, तर गावाबाहेरच्या सरकारी मनोरुग्णालयात गरीब रुग्ण वर्षानुवर्षे अडकून पडला होता. शास्त्राला प्रतिष्ठा पहिल्यामुळे मिळाली आणि बदनामी दुसऱ्याच्या हालांमुळे. या काळातले बहुतेक वाद या दोन ठिकाणांमधल्या अंतरातून उभे राहिले.

प्रतिष्ठेची सुरुवात युद्धातून झाली. सैन्यभरतीच्या वेळी दहा लाखांहून अधिक तरुणांना मानसिक कारणांवरून परत पाठवण्यात आले. तरीही निवडलेले धडधाकट जवान आघाडीवर कोलमडतच होते. ताण पुरेसा पडला तर कोणीही मोडू शकतो, हा निष्कर्ष सैन्यातल्या डॉक्टरांनी काढला आणि वेडा व शहाणा यांच्यामधली जुनी भिंत त्यामुळे खचली. सैन्याच्या मानसोपचार विभागाचे प्रमुख विल्यम मेनिंजर १९४८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले. कॅन्सस राज्यातील टोपेका या आडगावच्या शहरात मेनिंजर कुटुंबाने चालवलेली संस्था नव्या पिढीच्या मानसोपचारतज्ज्ञांचे मोठे प्रशिक्षण केंद्र बनली. अध्यक्ष ट्रुमन यांनी १९४६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कायद्यावर सही केली आणि १९४९ मध्ये त्यातून राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. सरकारचा हा उत्साह सोयीपुरताच होता. लाँग आयलंडवरील लष्करी इस्पितळात उपचार घेणाऱ्या जवानांवर जॉन ह्यूस्टन यांनी सैन्यासाठीच माहितीपट केला होता. त्यात वाचा गेलेले, पाय लुळे पडलेले, बोलता बोलता रडू कोसळणारे जवान दिसतात. सैन्याने तो दडपला आणि जनतेला तो १९८० च्या अखेरीपर्यंत पाहू दिला नाही.

सरकारी मनोरुग्णालयांची अवस्था जगापुढे आणली ती शस्त्र हाती घ्यायला धर्मापोटी नकार देणाऱ्या तरुणांनी. युद्धकाळात पर्यायी सेवा म्हणून त्यांच्यापैकी सुमारे ३,००० जणांना या रुग्णालयांत कामाला लावले होते. फिलाडेल्फियाच्या बायबेरी रुग्णालयात त्यांच्यातल्या एकाने चोरून छायाचित्रे काढली. उघड्या फरशीवर नागडे बसलेले, भिंतीला टेकून गुडघ्यांत डोके घातलेले पुरुष त्यांत दिसत होते. ‘लाइफ’ मासिकाने १९४६ मध्ये ती छापली आणि देशभर खळबळ उडाली. १९५३ मध्ये एका स्वयंसेवी संघटनेने मनोरुग्णालयांतल्या जुन्या बेड्या आणि साखळदंड गोळा करून बाल्टिमोरच्या ओतशाळेत वितळवले आणि त्यांची ३०० पौंडांची घंटा ओतून घेतली. प्रतीक म्हणून कल्पना सुरेखच होती, पण रुग्णांच्या जेवणात वा खाटांच्या दाटीत तिने काही फरक पडला नाही.

खाटांचा प्रश्न सोडवण्याची घाई कुठवर जाऊ शकते, हे मेंदूवरील शस्त्रक्रियांनी दाखवले. मेंदूविकारतज्ज्ञ वॉल्टर फ्रीमन यांनी १९४६ मध्ये लोबोटॉमीची झटपट पद्धत सुरू केली. विजेच्या झटक्याने रुग्णाला बेशुद्ध करायचे, पापणीखालून डोळ्याच्या खोबणीच्या वरच्या बाजूने बर्फ फोडायच्या टोच्यासारखे हत्यार आत ठोकायचे आणि ते फिरवून मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू तोडायचे. ना शस्त्रक्रियागृह लागे, ना शल्यविशारद. मूळ लोबोटॉमीचे जनक एगास मोनिझ यांना १९४९ मध्ये नोबेल मिळाले, त्यामुळे शंका घेणाऱ्यांचा आवाज आणखी क्षीण झाला. फ्रीमन गावोगावच्या रुग्णालयांत मोटारीने जात आणि प्रात्यक्षिके करत. त्यांनी शेवटची शस्त्रक्रिया १९६७ मध्ये केली.

औषधांनी हे चित्र पालटले. १९५४ मध्ये क्लोरप्रोमाझिन अमेरिकी बाजारात आले आणि वॉर्डांतला गोंगाट कमी झाला. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यातील नेथन क्लाइन यांनी सर्पगंधेच्या मुळापासून काढलेले रेसर्पिन रुग्णांना दिले. या मुळीचा धागा मुंबईपर्यंत येतो. येथील हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे दाखवणारा निबंध १९४९ मध्ये ब्रिटनमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला होता आणि त्यानंतर पाश्चात्त्य वैद्यकाचे तिच्याकडे लक्ष गेले. वैद्यकीय संशोधनासाठी दिल्या जाणाऱ्या लास्कर पुरस्काराच्या १९५७ च्या मानकऱ्यांत क्लाइन आणि वकील दोघेही होते.

वॉर्डाबाहेरच्या लोकांसाठीही चिंता कमी करणारी गोळी आली. १९५५ मध्ये बाजारात आलेले मिलटाउन इतके खपले, की ‘मिलटाउन संपले आहे’ अशा पाट्या औषधांच्या दुकानांना लावाव्या लागल्या. दूरचित्रवाणीवरचे विनोदवीर तिच्यावर कोट्या करू लागले. १९६३ मध्ये व्हॅलियम आले, आणि अशा गोळ्यांच्या गिऱ्हाइकांत बायकांचा भरणा मोठा होता. गंमत अशी, की मुलांच्या आजाराचे खापरही त्याच काळात बायकांवर फुटत होते. स्किझोफ्रेनिया असो वा स्वमग्नता, आईचा थंडपणा किंवा तिचा जाच हेच मूळ, असे नामवंत तज्ज्ञ बिनदिक्कत सांगत. पुराव्याच्या नावाने शंखच होता.

कोचावरचे उपचार किती ओळखीचे झाले होते, हे चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रमालिकेवरून कळते. तिच्यातली ल्यूसी १९५९ मध्ये सरबताच्या टपरीसारखी टपरी मांडून पाच सेंटांत मानसोपचार विकू लागली. खऱ्या आयुष्यात पंचवीस सेंटांत तो मिळे, पण एका चर्चच्या तळघरात. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत १९४६ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम आणि लेखक रिचर्ड राइट यांच्या पुढाकाराने लाफार्ग क्लिनिक सुरू झाले. गोऱ्यांचे दवाखाने ज्यांना दारात उभे करत नसत, अशा कृष्णवर्णीयांसाठी ते संध्याकाळी उघडे असे. शाळांतला वर्णभेद मुलांच्या मनाला इजा करतो, ही वर्थम यांची साक्ष डेलावेअरच्या खटल्यात नोंदली गेली आणि तो खटला शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४ च्या ऐतिहासिक निकालाचा भाग ठरला. हेच वर्थम पुढे कॉमिक्सविरोधी मोहिमेसाठीच लक्षात राहिले, हा त्यांच्यावर काहीसा अन्यायच आहे.

साठच्या दशकात टीकेला धार आली. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स रुग्णालयात रुग्णांमध्ये वावरून केलेला अभ्यास १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञ थॉमस साझ यांनी मानसिक आजार ही संकल्पनाच नाकारली. केन केसी यांच्या ‘वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट’ या १९६२ च्या कादंबरीवरचा चित्रपट १९७५ मध्ये आला. त्याचे चित्रीकरण ओरेगॉनमधील खऱ्या मनोरुग्णालयात झाले आणि तेथील अधीक्षक डीन ब्रुक्स यांनीच पडद्यावर अधीक्षकाची भूमिका केली.

राजकारणात मात्र कलंक पुसला गेला नव्हता. १९७२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार थॉमस ईगलटन यांनी नैराश्यासाठी विजेचे झटके घेतल्याचे उघड झाले, आणि उमेदवारी मिळाल्यापासून १८ दिवसांतच त्यांना ती सोडावी लागली. त्याच वर्षी मानसोपचारतज्ज्ञांच्या व्यावसायिक संघटनेच्या डॅलस येथील वार्षिक अधिवेशनात जॉन फ्रायर मुखवटा आणि टोप घालून, आवाज बदलणाऱ्या माइकवरून बोलले: आपण समलिंगी आहोत आणि मानसोपचारतज्ज्ञही आहोत. खरे नाव सांगितले असते तर नोकरी गेली असती. पुढच्याच वर्षी या संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. विरोधकांनी सभासदांचे मतदान घ्यायला लावले, तेव्हा १९७४ मध्ये ५८ टक्के मते या निर्णयाच्या बाजूने पडली. संघटनेच्या १९८० च्या नव्या निदानसूचीत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांच्या आग्रहामुळे आघातोत्तर ताणविकाराची भर पडली. लक्षणे मोजून निदान करण्याच्या तिच्या पद्धतीपुढे मनोविश्लेषणाचे, म्हणजे कोचावरच्या उपचारांचे, वर्चस्व संपले.

सरकारी मनोरुग्णालयांत १९५५ मध्ये सुमारे ५ लाख ५९ हजार रुग्ण होते. १९८० पर्यंत ही संख्या दीड लाखाच्या आत आली. अध्यक्ष केनेडी यांच्या बहिणीवर १९४१ मध्ये लोबोटॉमी होऊन ती कायमची अपंग झाली होती. त्यांनी ३१ ऑक्टोबर १९६३ रोजी वस्त्यावस्त्यांत मानसिक आरोग्य केंद्रे उघडण्याच्या कायद्यावर सही केली. दीड हजार केंद्रे योजली होती, उभी राहिली जेमतेम निम्मी. १९६५ नंतर केंद्र सरकारचा वैद्यकीय निधी मनोरुग्णालयांतल्या प्रौढांना मिळत नसे, पण शुश्रूषागृहांतल्या रुग्णांना मिळे. त्यामुळे राज्यांनी म्हाताऱ्या रुग्णांची रवानगी तिकडे केली. बाकीचे घरी गेले, स्वस्त खोल्यांत राहिले किंवा रस्त्यावर आले. अध्यक्ष कार्टर यांनी १९८० मध्ये या केंद्रांना नव्याने निधी देणारा कायदा केला. पुढच्याच वर्षी रेगन सरकारने अर्थसंकल्पाच्या कायद्यातून त्यातला बहुतेक भाग रद्द केला आणि कात्री लावून उरलेली रक्कम राज्यांच्या हाती एकगठ्ठा सोपवली.