मारामारीच्या गेममध्ये गजाली कुठून आल्या

जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहिला की आख्यानाच्या आधी संकासूर येतो. अंगभर काळे कपडे, वेद चोरून आणलेले आणि तोंडात अस्सल मालवणी. ब्रह्मदेव भारदस्त बोलणार, हा त्याची टर उडवणार. विष्णूच्या हातून तो मरणार हे पुढ्यात बसलेल्या पोरालाही ठाऊक असतं. तरी माणसं हलत नाहीत, कारण मरायच्या आधी आज तो काय बोलेल हे कुठे लिहिलेलं नसतं. फायटिंग गेममधली कथा मला नेहमी इथूनच कळत आली.

आर्केडच्या यंत्रात मात्र बोलायला जागाच नव्हती. हरणाऱ्याने उठावं, पुढच्याने नाणं टाकावं, हा धंदा. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या ‘स्ट्रीट फायटर २’ने (१९९१) फटी शोधल्या त्या लढत संपल्यावर. हरलेल्याचा सुजलेला चेहरा बाजूला दाखवायचा आणि जिंकणाऱ्याच्या तोंडी एखादं वाक्य टाकायचं. अमेरिकन सैनिक गाइल समोरच्याला घरी जाऊन संसार बघायला सांगतो. सगळ्यांना हरवलं की प्रत्येकाचा छोटासा शेवट. रशियन पैलवान झांगीफच्या शेवटात गोर्बाचेव्हसारखा दिसणारा पुढारी येतो आणि दोघं चक्क नाचतात. सोव्हिएत संघ त्याच वर्षाअखेर मोडला!

काही गंमत तर चुकून झाली. याच गेमच्या नायकाच्या, रियूच्या, एका वाक्यात त्याच्याच ‘शोर्युकेन’ या ठोशाचं नाव होतं. इंग्रजीत त्याचं ‘शेंग लाँग’ झालं आणि तो कोणी लपलेला गुरू असावा असं पोरांना वाटू लागलं. १९९२ मध्ये एका अमेरिकन मासिकाने एप्रिल फूल म्हणून त्याच्यापर्यंत पोचायची युक्तीच छापली. मग काय, नाण्यांचा नुसता पाऊस.

पुढे कंपन्याच एकमेकींना चिमटे काढू लागल्या. पहिल्या ‘स्ट्रीट फायटर’चे (१९८७) दिग्दर्शक ताकाशी निशियामा कॅपकॉम सोडून एसएनके या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले होते. त्या एसएनकेच्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधले (१९९२) नायक कॅपकॉमच्या वळणावर गेलेले दिसले. कॅपकॉमने १९९५ च्या ‘स्ट्रीट फायटर अल्फा’त त्यांची टर उडवायला डॅन नावाचा लढवय्या उतरवला. गुलाबी पोशाख, आव महागुरूचा, आणि हातातून सुटलेला आगीचा गोळा हातभर जाऊन विझतो. टोमणा कसा मारावा हे मालवणी माणसाला शिकवायला नको, पण हा मानला.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ने वेगळीच खोडी काढली. १९९२ च्या पहिल्या गेममधल्या रक्तपातावर ओरड झाली, तर दुसऱ्या भागात हरलेल्याला मारण्याऐवजी त्याच्याशी दोस्ती करायचा किंवा त्याचं तान्हं बाळ करायचा पर्याय आला.

पण आमच्याकडे खरं रुजलं ते ‘टेक्केन’. नाम्कोचा हा गेम १९९४ चा. प्लेस्टेशनच्या सीडीवर जागा मुबलक, म्हणून शेवटाला छोटी चित्रफीतच मिळू लागली. कथा म्हणाल तर शुद्ध भाऊबंदकी. हेहाचीने पाच वर्षांच्या काझुयाला कड्यावरून फेकलं. पोरगा वाचला, मोठा झाला आणि त्याने बापाला कड्यावरून टाकलं, टाकून हसला. दुसऱ्या भागात बापाने त्याला ज्वालामुखीत लोटलं. तिसऱ्यात नातू जिन आला. सामायिक विहिरीवरून तीन पिढ्या कोर्टात जाणाऱ्या मुलखाला यात नवल ते काय वाटणार? एसटी स्टँडमागच्या पार्लरात तासावर पैसे देऊन आम्ही ‘टेक्केन ३’ खेळायचो. ज्याला काही येत नसे तो एडी नावाचा लढवय्या घ्यायचा आणि लाथांची दोन बटणं बडवत सुटायचा. मागून कोणीतरी ओरडायचं, “मेल्या, बटणां मोडतली!”

याच खुनशी घराण्याच्या गोष्टीत हेहाचीने पाळलेलं अस्वल लढतं, मुष्टियुद्ध करणारा कांगारूही असतो. हे खपतं कसं? स्पर्धा एकालाच जिंकायची असते, पण शेवट प्रत्येकालाच द्यावा लागतो. पुढच्या भागाची कथा त्यातल्या एखाद्या शेवटावरून चालते. उरलेल्यांना वाट्टेल तो चावटपणा करायला रान मोकळं. दशावतारात आख्यान ठरलेलं आणि संवाद ज्याचे त्याने रंगमंचावर रचायचे, तशातलीच ही सोय.

‘टेक्केन ७’मध्ये काझुयाने हेहाचीला लाव्हात टाकलं, आता मात्र तो कायमचा गेला असं सगळे धरून चालले. २०२४ मध्ये ‘टेक्केन ८’ला जोड म्हणून म्हातारा पुन्हा हजर. संकासूरही काल एका गावात मेलेला असतो, आज दुसऱ्या गावात बाकड्यासमोर उभा राहून ब्रह्मदेवाला काहीतरी वाकडं बोलतच असतो.